वाचलंस, आता विसर

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. तिची धाकटी लेक लांबच्या गावी दिलेली होती. महिन्या-दोन महिन्यांनी तिचे निळे अंतर्देशीय पत्र येई. पत्र आले की आजी मला माजघरात नेई, दाराला कडी घाली आणि म्हणे, "हळू वाच." मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा होतो. वाचून झाले की ती पत्राची घडी फडताळात सारी, माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवी आणि दर वेळी तेच म्हणे, "वाचलंस, आता विसर."

त्या पत्रांत काय होते ते मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. मी शाळामास्तर आहे, तसाच कादंबऱ्याही लिहितो. आणि चांगला प्रसंग हाती असला की कादंबरीकाराची बोटे शिवशिवतात. दोनदा तो मजकूर लेखणीच्या टोकापर्यंत आला. दोन्ही वेळा गुळाचा खडा आठवला आणि मी कागद फाडला.

ऐन दिवाळीत ही आठवण काढण्याचे कारण गेल्या वर्षी आमच्या शाळेत घडले. शिक्षकांच्या खोलीत कॅमेरा बसवला गेला आणि हजेरीपटावर सही करण्याऐवजी मोबाइलला तोंड दाखवण्याची पद्धत सुरू झाली. एके दिवशी खडूंची पेटी आणायला मी कार्यालयात गेलो. तेथल्या पडद्यावर आमच्या एक सहकारी बाई दिसत होत्या. खोलीत त्या एकट्याच होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या. कारकून पाहत होता, शिपाई पाहत होता. आणि खोटे कशाला बोलू, मीही घटकाभर पाहत उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी तिघांनी बाईंना विचारले, "घरी सगळं ठीक आहे ना?" विचारणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हते. पण बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. त्यानंतर मधल्या सुट्टीत त्या त्या खोलीत बसेनाशा झाल्या.

माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. कायद्याचा अभ्यास मला आहे असा माझा दावा नाही. परंतु त्या दिवसापासून मनाला टोचणी लागली आणि हा चोरून पाहण्याचा नि ऐकण्याचा इतिहास मी जमेल तसा वाचत गेलो. वाचकहो, फराळाचे ताट बाजूला न सारताही तो तुम्हांला ऐकता येईल.

हेर काही नवे नव्हेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तापस, व्यापारी, गृहस्थ अशा नाना वेषांतले हेर आहेत, आणि ते शत्रूइतकेच स्वतःच्या प्रजेवरही सोडलेले आहेत. शिवछत्रपतींच्या पदरी असलेल्या बहिर्जी नाईकांचे नाव तर आपल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. पण तो हेर माणूस होता. त्याला भूक लागे, झोप येई, आणि एका वेळी एकाच ओसरीवर त्याला कान देता येई. राजाची इच्छा कितीही मोठी असली, तरी साऱ्या मुलखावर नजर ठेवण्याइतके हेर पोसणे कोणाच्याच खजिन्याला परवडणारे नव्हते.

पुढे टपाल आले आणि लोकांची मने लिफाफ्यांतून प्रवास करू लागली. इटलीचा देशभक्त मॅझिनी, ज्याचे आत्मचरित्र व लेख 1907 साली सावरकरांनी मराठीत आणले, तो लंडनमध्ये आश्रयाला राहत होता. आपली पत्रे कोणीतरी फोडते असा त्याला संशय आला. त्याने पाकिटांत खसखशीचे दाणे, केस, वाळूचे कण घालून पाहिले. पत्रे पोहोचली, दाणे पोहोचले नाहीत! 1844 साली हे प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटात गेले आणि गृहमंत्र्याच्याच हुकुमावरून पत्रे उघडली जात होती, हे उघडकीस येऊन मोठा गहजब झाला.

लिफाफ्यात निदान खसखस तरी घालता येते; तारेत काय घालणार? आपल्याकडे तार सुरू झाली ती 1850 च्या सुमारास, कलकत्ता आणि डायमंड हार्बर यांच्या दरम्यान. 1882 साली मुंबईत टेलिफोनचे एक्स्चेंज निघाले. आणि 1885 साली इंग्रज सरकारने तारेचा कायदा केला. त्याच्या पाचव्या कलमात असे होते की, सार्वजनिक आणीबाणी उद्भवली किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी जरूर पडली, तर सरकारने संदेश अडवावा, वाचावा. सत्तावनचा उठाव होऊन तेव्हा अठ्ठावीसच वर्षे झाली होती. परकीय राज्यकर्त्याला रयतेचा विश्वास वाटत नसावा यात नवल नाही. नवल पुढेच आहे. परकीय राज्य गेले, कलम राहिले.

स्वतंत्र भारतात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे पुन्हा पुन्हा आला. उत्तर प्रदेशात पोलीस एका माणसाच्या दारावर मध्यरात्री थापा मारून तो घरी आहे की नाही ते पाहत. 1962 साली न्यायालयाने त्या थापा बंद केल्या. मात्र आपल्या घटनेत खाजगीपणाचा हक्क म्हणून काही नाही, असेही बहुमताने सांगून टाकले. 1972 साली मुंबईतल्या एका लाचेच्या खटल्यात फोनवरचे ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून मान्य झाले. निरपराध नागरिकाच्या संभाषणाला संरक्षण मिळेल, अपराध्याला नाही, असे न्यायालय म्हणाले.

मग राजकारणी माणसांवरच पाळी आली. फोन चोरून ऐकल्याच्या आरोपांपायी 1988 साली कर्नाटकचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना खुर्ची सोडावी लागली. 1991 साली राजीव गांधींच्या घरावर हरियाणाचे दोन पोलीस पाळत ठेवताना सापडले, आणि त्या निमित्ताने चंद्रशेखर यांचे सरकार गेले. कान लावणाऱ्यालाही कधीतरी कानाची भीती वाटतेच.

18 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अखेर नियम घालून दिले. फोन ऐकण्याचा हुकूम गृहसचिवानेच काढावा. तो दोन महिने चालावा, वाढवला तरी सहा महिन्यांपलीकडे जाऊ नये. वरिष्ठांच्या समितीने तो तपासावा. आणि काम संपले की उतरवून घेतलेल्या प्रती नष्ट कराव्यात. हे शेवटचे वाक्य वाचताना मी थबकलो. वाचलंस, आता विसर. माझी निरक्षर आजी माजघरात जे सांगत होती, तेच न्यायमूर्तींनी कायद्याच्या भाषेत सांगितले होते.

पुढचा निकाल तर आपल्या मराठी घरांत सांगण्याजोगा आहे. 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातला पहिला आधार क्रमांक नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. त्या योजनेविरुद्ध पुट्टस्वामी नावाचे एक निवृत्त न्यायमूर्ती न्यायालयात गेले. त्यातून उठलेल्या प्रश्नावर 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितले की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. मुख्य निकालपत्र धनंजय चंद्रचूड यांचे. त्यातच त्यांनी आणीबाणीतला 1976 चा निकालही चुकीचा ठरवला, आणि त्या निकालावर त्यांचे वडील, पुण्यात जन्मलेले यशवंतराव चंद्रचूड, यांचीही सही होती.

एवढे झाल्यावर प्रश्न मिटायला हवा होता. मिटला नाही. 1885 चा कायदा जाऊन 2023 साली दूरसंचाराचा नवा कायदा संमत झाला. पण संदेश अडवण्याचा अधिकार नव्या कपड्यांत तसाच राहिला, आणि तो न्यायाधीशाला न विचारता सरकारनेच वापरायचा आहे. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदाही त्याच वर्षी संमत झाला. त्यातही नोकरीच्या कामासाठी मालकाने नोकराची माहिती वापरली तर वेगळी संमती नको, अशी सवलत आहे.

कोणी म्हणेल, कर नाही त्याला डर कशाला? सरकारला कान असावेत हे मलाही मान्य आहे. 2008 साली मुंबईवर हल्ला झाला तेव्हा अतिरेक्यांचे फोन ऐकले गेले, आणि सीमेपलीकडून त्यांना हुकूम कोण देत होते ते जगाला कळले. तसले कान लागतात. पण माझ्या आजीने कोणता गुन्हा केला होता? आमच्या बाईंनी कोणता केला होता? दाराला कडी फक्त चोरच घालतो असे नाही. दुःख, लाज, माया यांनाही कडी लागते. आणि पूर्वीच्या हेराला झोप येई, यंत्राला येत नाही. त्याला विसरताही येत नाही, कोणी विसरायला लावल्याखेरीज.

मी मुख्याध्यापकांना विचारले, "ही चित्रं कोण पाहतं? किती दिवस राहतात? आणि तक्रार कोणाकडे करायची?" त्यांना सांगता येईना. कॅमेरावाल्याला फोन लावला, तर तो म्हणाला, "सर्व्हरवर असतात, सर." त्याहून अधिक त्यालाही ठाऊक नव्हते. मग आम्ही सातजणांनी सह्या करून अर्ज दिला. दोन महिन्यांनी कॅमेऱ्याचे तोंड दाराकडे वळले. चेहऱ्याची हजेरी अजून चालू आहे. तिच्याविषयी दुसरा अर्ज दिला आहे.

बाई परत त्या खोलीत बसू लागल्या. त्या दिवशी त्या का रडत होत्या, हे मला आजतागायत ठाऊक नाही. मी विचारलेले नाही. जेवढे पाहिले तेवढे विसरण्याचा प्रयत्न करतो आहे, आणि या लेखात बाईंचे नाव नाही, गाव नाही, ते त्यासाठीच.