गाडीच्या आरशाला पक्षी चोच का मारतो? वसंतात आपल्या अंगणात काय चालतं?

पार्क केलेल्या बाइकच्या आरशावर एक छोटा पक्षी सारखा चोच मारतोय, असा व्हिडिओ तुम्हीही कधीतरी फॉरवर्ड केला असेल. आरशात त्याला आपल्या हद्दीत घुसलेला दुसरा नर दिसतो, म्हणून ही मारामारी. विणीच्या हंगामात शिंजीर, दयाळ, चिमणी असे पक्षी हे करतात. आरशावर जुना मोजा चढवला की भांडण मिटतं.

सातारा-सांगलीत पळस आणि पांगारा फुलला की हा हंगाम जवळ आला समजा. दिवस मोठा होऊ लागला की पक्ष्यांच्या शरीरातली संप्रेरकं बदलतात आणि नर गायला, भांडायला, मिरवायला लागतात.

मिरवण्यात शिंजीर पुढे. जास्वंदीवर दिसणारा चमकदार जांभळा-काळा पक्षी म्हणजे जांभळ्या शिंजिराचा नर. मादीसमोर तो पंख थरथरवतो, काखेजवळची पिवळी-केशरी पिसं फुलवतो. हंगाम संपला की हा थाट उतरतो. मग तो जवळपास मादीसारखाच दिसतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ उरते. कोळ्याची जाळी वापरून लोंबतं घरटं विणण्याचं काम मात्र मादीचं.

होला टाळ्या वाजवल्यासारखा पंखांचा आवाज करत वर जातो, शेपूट पसरून तरंगत खाली येतो आणि मादीपुढे मान लववत घुमतो. टेरेसवरून हे सहज दिसतं.

कोकिळा गाते का?

नाही. चढत जाणारं ‘कुहू-कुहू’ नराचं, म्हणजे कोकिळाचं. तो काळा, डोळे लाल. मादी तपकिरी, अंगभर ठिपके, आणि तिचा ‘किक-किक’ आवाज अजिबात गोड नाही. ही जोडी घरटं बांधत नाही, अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते. त्यामुळे यांचं वेळापत्रक कावळ्यावर अवलंबून.

सुगरण वसंतात का दिसत नाही?

दिसते, पण तिची लगबग पावसाच्या आगेमागे. नाव बाईचं असलं तरी खोपा विणतो नर. सांगलीच्या ऊसपट्ट्यात उसाच्या पानांच्या लांब चिरफळ्या काढून तो विहिरीवरच्या बाभळीला खोपे टांगतो. सालीम अली यांनी १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला या पक्ष्यांचं बारकाईने निरीक्षण केलं. नर खोपा अर्धाच बांधून थांबतो. मादी आत शिरून तपासते. तिने पसंत केला की नर तो पूर्ण करतो आणि शेजारी दुसरा खोपा सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी!

आपण काय टाळायचं?

कोकीळ ओरडला की मोबाइलवर त्याचाच आवाज वाजवून ‘जुगलबंदी’चं रील करणं. आपल्याला गंमत वाटते, पण नराला तो प्रतिस्पर्धी वाटतो. खाणं आणि जोडीदार सोडून तो त्या आवाजाच्या मागे लागतो. शिंप्याचं घरटं नीट दिसावं म्हणून आजूबाजूची पानं तोडणं तर त्याहून वाईट, कारण ती पानंच पिल्लांना कावळ्यापासून लपवतात.

एप्रिल-मेमध्ये फांद्या छाटायच्या असतील तर आधी लांब उभं राहून अर्धा तास झाडाकडे बघा. एखादा पक्षी चोचीत किडा किंवा काडी घेऊन त्याच फांदीवर पुन्हा पुन्हा येत असेल, तर ती फांदी पावसाळ्यानंतर छाटा. वन्य पक्ष्यांची अंडी आणि घरटी नष्ट करणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हाही आहे.