बुधवार, ११ जुलै १९७९ : डोंबिवली ते भायखळा

वार बुधवार, तारीख ११ जुलै १९७९. पहाटेचे सव्वापाच. तू अकरा वर्षांची आहेस, सहावीत. आई तिसऱ्यांदा हाक मारते तेव्हा कुठे तू अंथरुणात उठून बसतेस. स्वयंपाकघरात स्टोव्ह फरफरतोय, रॉकेलचा वास घरभर आहे आणि बाहेर पाऊस कोसळतोय. पुढच्या चार-साडेचार दशकांत काय काय होणार ते तुला ठाऊक आहे, पण त्याचा इथे काडीचा उपयोग नाही. पंतप्रधान मोरारजीभाई येत्या रविवारी राजीनामा देणार आहेत, असं तू बाबांना सांगितलंस तरी ते चष्म्यावरून बघतील आणि म्हणतील, “आधी दात घास.”

शिवाय घरात आज दुसरीच काळजी आहे. अमेरिकेची स्कायलॅब, ७७ टनांची अंतराळातली प्रयोगशाळा, आज-उद्यात खाली येणार आहे आणि नेमकी कुठे पडणार ते कुणालाच सांगता येत नाही. बाबा कालचाच पेपर पुन्हा वाचतायत. आजी निरांजन लावता लावता देवालाच बजावते, “पडायचंच असेल तर समुद्रात पड म्हणावं तिला.” तुझं आणि आजीचं आज एकमत आहे. फरक इतकाच, की ती नंतर निवांत चहा घेणार आहे आणि तुला गाडी पकडायची आहे.

निळा पिनाफोर, पांढरा ब्लाउज, दोन वेण्या, त्यांना निळ्या रिबिनी. बुधवारी पी. टी. असते म्हणून पांढरे कॅनव्हासचे बूट हवेत. काल रात्री त्यांना पॉलिश फासलंस ते अजून ओलसर आहे. पावसात ते घालून निघालीस तर भायखळ्यापर्यंत चिखलाचे होतील, म्हणून बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत, पायात पावसाळी चपला. अदलाबदल शाळेच्या फाटकाच्या अलीकडे. डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी, बिनकांद्याची, कारण चातुर्मास लागलाय.

गेल्या वर्षापर्यंत तुम्ही भायखळ्यालाच चाळीत राहत होता आणि शाळा चालत दहा मिनिटांवर होती. मग काकाचं लग्न ठरलं आणि दीड खोलीत सात माणसं मावेनात. बाबांनी ऑफिसातून कर्ज काढलं आणि डोंबिवलीला ब्लॉक घेतला. स्वतःचा नळ, स्वतःचा संडास, गॅलरीतून दिसणारी भातखाचरं. घर बदललं, पण शाळा बदलायचा विषयही कुणी काढला नाही. तुझ्या प्रवेशाच्या फॉर्मसाठी बाबा पहाटेपासून रांगेत उभे राहिले होते. कॉन्व्हेंटमध्ये मिळालेली जागा अशी सोडून द्यायची नसते. तेव्हा बाबांनी घराला जागा मिळवली, शाळेचं इंग्रजी राखलं आणि मधलं अंतर तुझ्या वाट्याला आलं.

स्टेशनवर चिखल, छत्र्या, ओल्या साड्यांच्या निऱ्या. इथे गाडीला नाव नसतं, वेळेचं मिनिट असतं आणि त्या मिनिटावरून माणसं एकमेकांना ओळखतात. बायकांच्या डब्याची जागा फलाटावर कुठे येते ते तुला न बघता कळतं. गाडी कल्याणहून भरूनच येते. तू चढत नाहीस, चढवली जातेस. एक हात तुझं दप्तर उचलून रॅकवर टाकतो, दुसरा तुला दंडाला धरून आत ओढतो. “ये गं कॉन्व्हेंट, इकडे सरक.” टेलिफोन एक्स्चेंजमधल्या काकू बाकावर चौथी सीट म्हणून जेमतेम टेकल्या आहेत आणि त्यांच्या गुडघ्याशी तुझी उभं राहायची जागा ठरलेली आहे.

दिवा गेलं की फास्ट गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरते. सव्वा किलोमीटरहून लांब, १९१६ साली सुरू झालेला. आधी आवाज बदलतो, मग डबा काळोखा होतो, वरून कुठून तरी पाण्याचे थेंब आत उडतात. आजवर या अंधारात बायका बोलत राहायच्या. आज मधेच कुणीतरी म्हणतं, “आत्ता पडली तर बरं गं, डोंगर आहे डोक्यावर,” आणि अख्खा डबा हसतो. उजेडात आल्यावरही ते हसू ठाण्यापर्यंत टिकतं. स्कायलॅबवरची तुझी पहिली शिकवणी ही. विणकामाच्या सुया थांबत नाहीत. जे. जे.च्या एक सिस्टर, म्हणजे हॉस्पिटलच्या, शाळेच्या नव्हेत, एवढंच म्हणतात की काही झालं तरी आपली ड्यूटी सुटणार नाही.

तुझ्या गळ्यातल्या पाकिटात पास आहे. तू तो रोज दाखवतेस, पण कधी नीट बघत नाहीस. आज बघ. विद्यार्थ्यांचा सवलतीचा त्रैमासिक पास. त्यासाठी शाळेकडून फॉर्म आणावा लागतो, त्यावर हेडमिस्ट्रेसची सही आणि जांभळा शिक्का लागतो. या कागदावर तू जाताना सुमारे ४४ किलोमीटर आणि येताना तेवढीच जातेस, आणि बाबांना ते परवडतं. पूर्ण तिकीट काढून परवडलं नसतं. शाळेचंही तसंच आहे. ती अनुदानित आहे, शिक्षकांचे पगार सरकार देतं, म्हणून फी कारकुनाच्या आवाक्यात राहते. हे रूळ विलायतेतल्या एका कंपनीने कापूस बंदराला नेण्यासाठी घातले. ती शाळा परदेशातून आलेल्या नन्सनी आपल्या धर्माच्या लेकरांसाठी काढली. दोघांच्याही डोळ्यांपुढे डोंबिवलीची कुणी मुलगी नव्हती. पुढे एकाच्या भाड्यात आणि दुसऱ्याच्या पगारपत्रकात सार्वजनिक पैसा पडला, आणि त्या दोन फटींतून तू आत शिरलीस. हुशारीचं श्रेय बक्षीससमारंभात तुला मिळेलच. या शिक्क्याला मिळणार नाही, म्हणून ते आत्ताच देऊन ठेव.

कुर्ला, मग दादर. दादरला डबा अर्धा रिकामा होतो आणि तुला खिडकी मिळते. आता गिरण्यांचा मुलूख. परळ, करी रोड, चिंचपोकळी फास्ट गाडीतून फक्त पाट्यांसारखी सरकतात, पण धुराडी मात्र सावकाश सरकतात. त्यांतून धूर निघतोय. पहिली पाळी आत गेली आहे. अडीच वर्षांनी, १८ जानेवारी १९८२ ला, इथे संप सुरू होईल आणि बहुतेक धुराडी पुन्हा कधी पेटणार नाहीत. तू त्यांच्याकडे जरा जास्त वेळ बघतेस. शेजारची बाई विचारते, “काय गं, स्कायलॅब शोधतेस?”

भायखळ्याचा पूल उतरताना ग्लोरिया चर्च दिसतं. मूळचं पोर्तुगिजांच्या काळातलं माझगावचं, ही इमारत १९१३ ची. कोपऱ्यावरच्या इराण्याकडून ब्रून पावाचा वास येतो. फाटकाच्या अलीकडे, कुंपणाला टेकून, तू एका पायावर उभी राहून बूट चढवतेस. घंटा होते. घंटेनंतर आत गेलीस तर कॅलेंडरमध्ये ‘लेट’चा रिमार्क. शाळेची ती छोटी छापील वही, तिला इथे सगळे कॅलेंडरच म्हणतात. तिच्या शेवटच्या पानांवर तुझ्या नावापुढे पावसाळ्याचा इतिहास लिहिलेला आहे : कुर्ल्याला पाणी, ओव्हरहेड वायर, पुन्हा पाणी. कारणाच्या रकान्यात काहीही लिहा, रिमार्क रिमार्कच राहतो.

असेंब्ली. रांगा उंचीप्रमाणे, हात जोडलेले, पाठीमागून सिस्टरच्या जपमाळेचा खुळखुळाट. प्रार्थना इंग्रजीत. तिच्यातल्या निम्म्या शब्दांचा अर्थ तुला ठाऊक नाही, पण ती तुला रामरक्षेइतकीच घडघड पाठ आहे आणि परीक्षेच्या दिवशी तू दोन्ही म्हणून टाकतेस. आज प्रार्थना जरा लांबते. आकाशातून जे येणार आहे ते कुणाच्याही घरावर पडू नये, म्हणून.

पहिल्या तासाला वर्ग फुटतो. ख्रिस्ती मुली कॅटेकिझमला जातात, बाकीच्यांना मॉरल सायन्स. बाकीच्या म्हणजे कोण, ते मान वळवून बघ. मदनपुऱ्याची मुलगी, घरी उर्दू. दोन गुजराती, एक सिंधी. खिडकीपाशी बेने इस्रायली ज्यू मैत्रीण, जिच्या घरी तुझ्यासारखंच मराठी बोलतात आणि शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावतात. तिचे काका-मामा इस्रायलला गेलेत आणि यांचेही कागद चालू आहेत. एक दिवस तिचा बाक रिकामा दिसेल. आज तिला दिलेला खोडरबर परत मागू नकोस.

कॅटेकिझमला गेलेल्यांतही सगळ्या सारख्या नाहीत. गोव्याच्या मुली कोकणीत भांडतात, मंगळूरच्या वेगळ्या कोकणीत. आणि माझगावच्या माथारपाखाडीतली तुझी जिवलग मैत्रीण ईस्ट इंडियन आहे, म्हणजे मूळची इथलीच ख्रिस्ती. तिची आजी लुगडं नेसते आणि जी मराठी बोलते ती ऐकून तुझी आजी पोट धरून हसली होती, मग तिच्याकडून बाटलीचा मसाला कसा करतात ते लिहून घेतलं होतं. मधल्या सुट्टीत मराठी बोललं की दहा पैसे दंड आहे. आज तो तुम्हा दोघींना झाला. मॉनिटरने डबी पुढे धरली तेव्हा मैत्रीण म्हणाली, “माझी मम्मी पण असंच बोलते,” आणि नाणं टाकलं. कॉन्व्हेंट म्हणजे इंग्रजी आणि इंग्रजी म्हणजे ख्रिस्ती, असा जो हिशेब डोंबिवलीच्या जिन्यात मांडला जातो, तो या डबीपाशी चुकतो. ही मुलगी इथली, तिच्या पूर्वजांची मराठी तुझ्या घराण्याच्या मुंबईतल्या वास्तव्याहून जुनी, आणि दंड मात्र दोघींना सारखा.

मराठीचा तास त्यानंतर. इतर सगळ्या शिक्षिका ‘मिस’, फक्त मराठीच्या ‘बाई’. बालभारती उघडलेली आहे. बाई वाचतात तेव्हा वर्गात पहिल्यांदा कुणीतरी मोठ्याने हसतं. मॉरल सायन्समध्ये असं हसता येत नाही.

बारा वाजता चर्चची घंटा. जिथे असशील तिथे उभं राहायचं, खडू हातात असला तर हातात. अँजेलसची प्रार्थना. मदनपुऱ्याची मुलगी मान खाली घालून गप्प उभी राहते आणि तिला कुणी काही म्हणत नाही. या शाळेला दुखावायचं कुठे आणि सोडून द्यायचं कुठे, याची स्वतःची एक रीत आहे. ती तुला कधीच पूर्ण कळणार नाही. चार ओळींच्या वहीत तिरकं वळण गिरवताना ज्या हाताने पट्टी मारली, तोच हात संध्याकाळी शिवणाच्या तासानंतर तुझ्या ओल्या केसांवरून टॉवेल फिरवतो. तू दोन्ही लक्षात ठेवशील. एकाच्या बदल्यात दुसरं माफ करून टाकायची तुझ्यावर सक्ती नाही.

शिवणाचा तास संपेस्तोवर पाच वाजतात. भायखळ्याला या वेळी कल्याण फास्टमध्ये पाय ठेवायला मिळणार नाही, म्हणून तू उलट दिशेने व्हीटीला जातेस आणि तिथे रिकाम्या होणाऱ्या गाडीत जागा धरतेस. खिडकी मिळते. दादरला मेणाचा आणि झेंडूचा वास चढतो. बुधवार आहे, माहीमच्या सेंट मायकल चर्चमधल्या नोव्हेनाहून बायका परततायत. १९४८ पासून दर बुधवारी हा नेम चालत आलाय. त्यांत फ्रॉकवाल्या आहेत तशा कपाळभर कुंकू लावलेल्याही. काकू, सकाळच्याच, टेलिफोनवाल्या, त्याही आज तिकडूनच आल्या आहेत. मुलाच्या नोकरीसाठी नऊ बुधवार बोलल्यात, हा पाचवा. सोमवारी गुरुपौर्णिमेला मठात गेल्या होत्या. “सगळीकडे अर्ज टाकून ठेवायचा,” त्या म्हणतात आणि गवार मोडायला घेतात. तुझ्या मांडीवरही एक मूठ टाकतात. फुकट बसायचं नाही.

घरी पोचतेस तेव्हा दिवे लागलेत. परवचा, गृहपाठ, वरणभात. शेजाऱ्यांकडे टीव्हीवर बातम्या बघायला अर्धी इमारत गोळा झालीये, मुलं जिन्यात ‘आली, आली’ ओरडून एकमेकांना घाबरवतायत. तुला माहीत आहे, रात्री दहाच्या सुमाराला ती हिंदी महासागरावर फुटेल आणि उरलेले तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागात जाऊन पडतील. म्हणजे आजीचं बरंचसं ऐकलं गेलं. पण हे उद्याच्या पेपरात येईल. आज रात्री बाबा गॅलरीत उभे राहून ढगांकडे बघतायत आणि आई तुझं दप्तर उपसतेय.

“कन्सेशनचा फॉर्म आणलास?”

“विसरले.”

“शनिवारी पास संपतोय. उद्या आधी ऑफिसात जा, सही घे, शिक्का नीट उमटलाय ना ते बघ.”

“आई, उद्या स्कायलॅब पडली तर?”

“पडली तरी टी. सी. पास विचारणारच.”