घराची जमीन : सारवणापासून खटक्याच्या पट्टीपर्यंत

जुन्या वाड्यांचें वर्णन करतांना कमानी, माड्या आणि खांबांवरील नक्षी यांविषयीं आपण पुष्कळ बोलतों. पायाखालच्या जमिनीविषयीं क्वचितच. वास्तविक घरांत सर्वांत अधिक झीज होते ती तिची, आणि सर्वांत अधिक श्रमही तिच्यावरच खर्च होतात. हल्लीं एकमेकींत खटक्यानें अडकणाऱ्या व्हिनिलच्या पट्ट्या आपल्या नागपुरांतही मिळूं लागल्या आहेत. त्या घ्याव्या कीं नाहीं असें विचारणाऱ्यांस माझें सांगणें एवढेंच कीं, या पट्टीच्या आधीं कोणत्या जमिनी होऊन गेल्या व त्या कां बदलल्या, हें पाहिल्यास निवड सोपी होईल.

नागपुरच्या आसपासची काळी माती पावसाळ्यांत फुगते आणि उन्हाळ्यांत भेगाळते. म्हणून जुन्या घरांत उंच जोतें घेऊन त्यांत मुरूम भरीत, धुमसानें चोपून घट्ट करीत, आणि वर मातीचा थर देऊन शेणानें सारवीत. ही जमीन वैशाखांतही थंड राही, उखडल्यास घरच्या घरीं सांधतां येई, आणि तिला पैसा लागत नसे. परंतु दर चार-आठ दिवसांनीं पोतेरें घेऊन गुडघ्यांवर बसावें लागे तें घरांतील बायकांना. सारवलेल्या ओसरीचें कौतुक लिहिणारे गृहस्थ बहुधा स्वतः सारवीत नसत! फरशी घराघरांत आली ती केवळ हौसेनें नव्हे, या श्रमांतून सुटका म्हणून आली, असें माझें मत आहे.

ती आली रेल्वेच्या वाटेनें. १८६७ सालीं जी. आय. पी. रेल्वे नागपुरास पोंचली, आणि १८७१ सालीं त्याच कंपनीचा मुंबई-रायचूर मार्ग पुरा झाला. शहाबाद त्याच मार्गावर आहे. तेथील थराथरांनीं निघणारा करडा चुनखडीचा दगड गाड्यांत भरून दूरदूर जाऊं लागला. उलट आपल्या मध्यप्रांतांतून बंदराकडे कापूस तर गेलाच, परंतु जवसही गेला. आणि त्या जवसाचा जमिनीशीं मोठा मौजेचा संबंध आहे. विलायतेंत फ्रेडरिक वॉल्टन यानें १८६३ सालीं एक पेटंट घेतलें. जवसाचें तेल हवेंत राहिलें म्हणजे त्याची चिवट साय बनते. ती बुचाच्या भुशांत कालवून जाड कापडावर दाबावयाची आणि गुंडाळतां येईल असें आच्छादन करावयाचें, ही त्याची युक्ति. लॅटिन भाषेंत लिनम् म्हणजे जवसाचें झाड आणि ओलियम् म्हणजे तेल. म्हणून त्याचें नांव लिनोलियम. इंग्लंडला जवस पुरविणाऱ्या देशांत त्या काळीं हिंदुस्थान प्रमुख होता. तेव्हां आपल्या भागांतल्या एखाद्या शेतांतलें जवस सिव्हिल लाइन्समधील एखाद्या साहेबाच्या बंगल्यांत लिनोलियम होऊन परत आलें असल्यास नवल नाहीं.

पुढें १९२२ सालीं मुंबईस फिरोजशा सिधवा यांनीं भारत टाइल्सचा कारखाना काढला, आणि इंग्लंडहून येणाऱ्या रंगीत फरश्यांस सिमेंटची स्वदेशी जोड मिळाली. त्यामागून मोझाईक आलें. आज जुन्या वस्त्यांतील कित्येक घरांत जी थंड, ठिपक्याठिपक्यांची जमीन दिसते ती हीच.

व्हिनिलचा जन्म याच सुमाराचा. अमेरिकेंत अ‍ॅक्रन येथें, गुडरिच या टायरच्या कंपनींत वाल्डो सेमन नांवाचा रसायनज्ञ धातूला रबर चिकटविणारा पदार्थ शोधीत होता. १९२६ सालीं त्याला चिकट पदार्थ मिळाला नाहीं, पण ठिसूळ म्हणून कोणी न विचारणारें पी. व्ही. सी. लवचिक कसें करावें हें सांपडलें! १९३३ च्या शिकागो येथील प्रदर्शनांत व्हिनिलच्या फरश्या मांडलेल्या होत्या. खटका मात्र बराच अलीकडचा. १९९६-९७ च्या सुमारास स्वीडनमधील व्हालिंगे आणि बेल्जममधील युनिलिन यांनीं लाकडी भुशाच्या पट्ट्यांसाठीं तो काढला. व्हिनिलला तो मागाहून मिळाला.

आतां आपल्या हवेचा विचार करूं. नागपुरांत २०१३ च्या मे महिन्यांत पारा ४७.९ अंशांवर चढला, आणि २०१८ च्या डिसेंबरांत ३.५ अंशांवर उतरला. पी. व्ही. सी. उष्णतेनें लोखंडाच्या सुमारें पांचपट वाढतें. खोली पांच मीटर लांब आणि खोलींतील उष्णतामानाचा फरक वीस अंश धरला, तर पट्ट्यांची रांग सुमारें सहा मिलिमीटर वाढेल. दगडाची भुकटी घातलेली कडक पट्टी याहून कमी वाढते, म्हणून आपल्याकडे तीच घ्यावी. रुळांच्या सांध्यांत जशी फट ठेवतात, तशी भिंतीलगत चोहोंकडे आठ-दहा मिलिमीटरांची फट ठेवावी, आणि ती झांकणारी स्कर्टिंगची पट्टी भिंतीला ठोकावी, जमिनीला नव्हे. मांडणी किंवा जड कपाट स्क्रूनें जमिनीशीं जखडूं नये, कारण मग सबंध पट ओढला जाऊन खटके उघडतात.

या पट्ट्या चिकटवावयाच्या नसतात, नुसत्या पसरून अडकवावयाच्या असतात. म्हणून खालचें मोझाईक फोडण्याचें कांहींच कारण नाहीं. पुढें पट्ट्या उचलल्या कीं तें जसेंच्या तसें हातीं येतें. मात्र दोन मीटरची सरळ पट्टी आडवी-उभी ठेवून पाहावी, आणि तीन मिलिमीटरांहून खोल जागा असल्यास भरून घ्यावी. ओलीची परीक्षा उन्हाळ्यांत करूं नये. मे महिन्यांत सर्वच जमिनी कोरड्या! श्रावणांत प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा चारी कडांनीं चिकटवून दोन दिवस ठेवावा. खालून दंव धरलें तर तळमजल्याला व्हिनिल नको.

पेट्या त्याच खोलींत दोन दिवस आडव्या ठेवाव्या. पहिल्या रांगेपूर्वीं खोली मोजावी, म्हणजे शेवटची रांग बोटभर रुंदीची उरत नाहीं. शेजारच्या दोन रांगांतील सांधे निदान तीस सेंटिमीटर मागें-पुढें असावे. वरचा झिजेचा थर निजण्याच्या खोलींत ०.३ मिलिमीटर पुरतो, बैठकींत ०.५ घ्यावा. पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा हवा. आणि आपला कूलर! त्याचें ठिबकणारें पाणी व्हिनिलला कुजवीत नाहीं हें खरें, परंतु कडेच्या फटींतून खालीं उतरून तेथेंच राहतें आणि वास मारतें.

माझी निवड विचाराल तर, खालच्या मजल्यावर दगड किंवा मोझाईक असेल तर तें राहूं द्यावें; वैशाखांत त्यासारखें सुख नाहीं. माडीवर वृद्ध माणसें निजत असतील आणि पौषांत गार फरशीनें त्यांचे पाय ठणकत असतील, तर तेथें ही पट्टी घालावी; ती पायाला कमी गार लागते, आणि ओल्या फडक्याच्या एका हातानें, तेंही उभ्यानें, पुसली जाते. पण खडबडीत पोताची घ्यावी. चकचकीत पट्टी ओली झाली कीं पाय घसरतो. आणि लागतील त्याहून एक पेटी अधिक आणून माळ्यावर ठेवावी, कारण तोच नमुना चार वर्षांनीं मिळेलच असें नाहीं.