भुसावळमार्गे बीटल्स

बीटल्सच्या आवडत्या गाण्यांची यादी करायला बसलेले रसिक 'दि इनर लाइट'पाशी क्वचितच थांबतात. १५ मार्च १९६८ रोजी इंग्लंडमध्ये 'लेडी मॅडोना'ची तबकडी निघाली, तिच्या मागच्या बाजूला हे अडीच मिनिटांचे गाणे होते. अल्बममध्ये यायला त्याला १९७८च्या 'रॅरिटीज' संग्रहापर्यंत वाट पाहावी लागली. मला मात्र ते त्या चौघांच्या उत्तम गाण्यांत मोडते असे वाटते. आणि त्याचे मोठे श्रेय ज्यांचे आहे ते चौघांपैकी नाहीत.

जानेवारी १९६८मध्ये जॉर्ज हॅरिसन 'वंडरवॉल' या चित्रपटाच्या संगीतासाठी मुंबईला आला होता. फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत तेव्हा फक्त मोनो यंत्र होते. म्हणून कंपनीचे भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचे स्टीरिओ यंत्र रेल्वेने आणवले, असे हॅरिसनने नंतर सांगितले आहे. चरित्रकार या वाक्यावरून पुढे जातात. जळगावच्या माणसाला जाता येत नाही. हावड्याहून मुंबईकडे येणारी गाडी नागपूरवरून येवो की अलाहाबाद-इटारसीवरून, दोन्ही मार्ग भुसावळला एकत्र येतात. पुढे जळगाव, पाचोरा, चाळीसगाव. कुणी सुरतमार्गे न्यायचे म्हटले असते तरी तापी खोऱ्याची लाइन जळगावातूनच फुटते. (तसे झाले असते तर धुळे जिल्ह्यालाही मान मिळाला असता, नंदुरबार तेव्हा त्यातच होते. एरवी धुळेकरांच्या वाट्याला चाळीसगावचा फाटा.) हा तर्क आहे खरा, पण तो रेल्वेच्या नकाशाचा तर्क आहे, अभिमानाचा नव्हे.

१२ जानेवारीला या गाण्याचा वाद्यभाग मुद्रित झाला. आशिष खाँ यांचा सरोद, महापुरुष मिश्र यांचा पखवाज, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, शिवाय शहनाई आणि हार्मोनियम. गिटार नाही, ड्रम नाहीत. मग हे रॉक कसे, असा प्रश्न मित्र विचारतात. मी उलट विचारतो, हे शास्त्रीय तरी कुठे आहे? अडीच मिनिटांत राग मांडता येत नाही, आणि कुणी तसा प्रयत्नही केलेला नाही. सरोद आणि शहनाई एकमेकांना घाईने उत्तरे देतात, लय धावते, आणि गाणाऱ्याचा आवाज येताच सगळे एकदम मवाळ होऊन बासरी पुढे येते. ही मुंबईच्या स्टुडिओतली शिस्त आहे. थोडक्यात सांगा, गायकाला जागा द्या. त्याच सुमारास एचएमव्हीसाठी 'कॉल ऑफ द व्हॅली' घडवणारे आपले जी. एन. जोशी ही शिस्त चांगली ओळखत असतील.

शब्द मात्र मला दुय्यम वाटतात. केंब्रिजमधले संस्कृतचे अध्यापक हुआन मास्कारो यांनी हॅरिसनला पत्र लिहून 'ताओ ते चिंग'मधील ४७व्या प्रकरणाला चाल लावण्याचे सुचवले होते. दाराबाहेर पाऊल न टाकता जग जाणता येते, हा त्यातला विचार. हॅरिसनने तो जवळजवळ जसाच्या तसा घेतला आहे आणि उपदेशाचा सूर काही लपत नाही. गंमत अशी की, घरबसल्या जग जाणण्याचे हे गाणे लंडनहून मुंबईला येऊन आणि कलकत्त्याहून यंत्र आणवून करावे लागले. गायन फेब्रुवारीत लंडनच्या ॲबी रोडवर झाले. शेवटी लेनन आणि मॅकार्टनी यांनी सूर मिसळला.

तबकडीच्या लेबलवर नाव एकच, बीटल्स. 'वंडरवॉल'च्या अल्बमवर निदान वादकांची नोंद झाली. त्या मुंबईच्या बैठकांत चंद्रशेखर नारिंग्रेकर सूरबहारवर होते, एस. आर. केंकरे बासरीवर. मराठी संगीतेतिहासात या बैठकांना दोन ओळीही मिळू नयेत, याचे मला वाईट वाटते.

स्टुडिओला ध्वनिरोध नव्हता. साडेपाचला खालची कचेरी सुटली की जिन्यावरचे पाय ऐकू येत, आणि तेवढ्यासाठी काम थांबवावे लागे, हीही हॅरिसनचीच आठवण. 'वंडरवॉल'च्या काही तुकड्यांत कान देऊन ऐकले तर रस्त्यावरच्या टॅक्सीही सापडतात, असे तो म्हणे. 'दि इनर लाइट'मध्ये मी त्या अनेकदा शोधल्या. एकही नाही.