एक्स-रे मायक्रोटोमोग्राफी: राजगिऱ्याएवढा कण न फोडता आतून कसा तपासतात?

एक्स-रे मायक्रोटोमोग्राफी म्हणजे सोप्या भाषेत अगदी छोट्या वस्तूंचं सीटी स्कॅन. हॉस्पिटलमधल्या स्कॅनमध्ये साधारण अर्धा-एक मिलिमीटरपर्यंतचा तपशील दिसतो. इथे तो एक मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे शेकडो पट बारीक असतो. याचा एक महत्त्वाचा उपयोग अणुइंधनाच्या ट्रायसो कणांसाठी होतो.

ट्रायसो कण म्हणजे काय?

मध्यभागी सुमारे 500 मायक्रॉनचा युरेनियमचा गोळा. त्यावर क्रमाने चार थर:

- सच्छिद्र कार्बन: सुमारे 95 मायक्रॉन
- घट्ट कार्बन: 40 मायक्रॉन
- सिलिकॉन कार्बाइड: 35 मायक्रॉन
- पुन्हा घट्ट कार्बन: 40 मायक्रॉन

सगळं मिळून एक मिलिमीटरही भरत नाही. चीनमधल्या शिदाओवान इथल्या एचटीआर-पीएम रिअॅक्टरच्या 6 सेंटिमीटरच्या एका इंधन-गोळ्यात असे सुमारे 12,000 कण असतात. किरणोत्सारी पदार्थ आतच अडवून ठेवण्याचं मुख्य काम त्या 35 मायक्रॉनच्या थराचं. त्यात तडा असेल तर तो कळायलाच हवा.

जुन्या पद्धतीत अडचण काय?

एक पद्धत म्हणजे कण रेझिनमध्ये बसवून अर्धा घासायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. पण त्यात एकच प्रतल दिसतं, आणि तडा दुसरीकडे असेल तर तो निसटतो. दुसरी पद्धत: बाहेरचा कार्बन जाळून कण नायट्रिक आम्लात ठेवायचे. आम्लात युरेनियम उतरलं, तर कुठलातरी थर फुटका आहे हे नक्की. पण कुठे आणि कसा, हे कळत नाही. शिवाय दोन्हीकडे कणाचं नुकसान होतंच.

स्कॅन कसं होतं?

कण एका फिरत्या टेबलावर, एक्स-रे स्रोताच्या अगदी जवळ ठेवतात आणि डिटेक्टर लांब ठेवतात. त्यामुळे सावली मोठी पडते. कण थोडा थोडा फिरवत हजार-दोन हजार फोटो घेतले जातात. त्यावरून सॉफ्टवेअर प्रत्येक बिंदूने किती एक्स-रे शोषले याचं गणित मांडतं. यासाठी 1984 मध्ये फेल्डकॅम्प, डेव्हिस आणि क्रेस यांनी मांडलेला अल्गोरिदम आजही सर्रास वापरला जातो.

डेटा किती होतो? प्रत्येक बाजूला 2000 व्हॉक्सेल धरले तर 800 कोटी व्हॉक्सेल. प्रत्येकी 2 बाइट म्हणजे एका कणामागे 16 जीबी!

खरी अडचण

युरेनियम एक्स-रे प्रचंड शोषतं, कार्बन जवळजवळ काहीच नाही. ऊर्जा कमी ठेवली तर गोळ्याच्या आसपास खोटे पट्टे उमटतात. वाढवली तर कार्बनचे दोन थर वेगळे ओळखू येत नाहीत. म्हणून किरणांसमोर धातूचा पातळ फिल्टर लावून मधली ऊर्जा निवडावी लागते.

याने काय साधलं?

अमेरिकेतल्या एजीआर-1 चाचणीत (2006 ते 2009) सुमारे 3 लाख कण आयडाहोच्या रिअॅक्टरमध्ये ठेवले होते. नंतर सिलिकॉन कार्बाइड फुटलेले मोजके कण शोधून त्यांचं स्कॅन केलं गेलं. दोष नेमका कुठे आहे ते आधी बघून तिथेच कण घासला गेला. तेव्हा क्रम उलगडला: सच्छिद्र थर आकसताना आतला कार्बन थर फाटला, आणि त्या फटीतून आलेल्या पॅलेडियमने सिलिकॉन कार्बाइड पोखरलं. अंदाजाने कण घासला असता, तर ही जागा सापडणं नशिबावरच होतं.

मर्यादा

एका कणाला एक तास धरला, तरी एका इंधन-गोळ्यातले 12,000 कण तपासायला 500 दिवस लागतील. म्हणून हजारो कणांतून सदोष कण आहेत का हे बघायला आम्लाची चाचणीच वापरतात. स्कॅन वापरायचं ते दोष कुठे आहे आणि का झाला हे शोधायला. एक पद्धत दुसरीची जागा घेत नाही.