तुकडी, कंपू आणि कट्टा : विद्यार्थी-गटांच्या अभ्यासाची प्रस्तावना

जून महिन्यात शाळेच्या फळ्यावर तुकड्यांच्या याद्या लागतात. कोण ‘अ’मध्ये गेले, कोण ‘ड’मध्ये, हे बहुतेक ठिकाणी गुणांवरून ठरते. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत त्याच मुलांनी आपापली दुसरी वाटणी करून टाकलेली असते : शेवटच्या बाकांवरचा कंपू, डबा एकत्र खाणाऱ्या चौघी, स्कॉलरशिपच्या जादा तासाला बसणारे, मैदानाशिवाय कुठेच न दिसणारे. पहिली वाटणी शाळेच्या दप्तरात असते, दुसरीची नोंद कुणीच ठेवत नाही. समवयस्क गटांचा आणि विद्यार्थ्यांच्या उपसंस्कृतींचा अभ्यास हा या दुसऱ्या वाटणीचा अभ्यास आहे. त्यात नव्याने येणाऱ्या वाचकाचे मनापासून स्वागत. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचे सारे तिच्या आधाराने वाचावे अशी माझी इच्छा आहे. दुसरी वाटणी हे बहुतेक वेळा पहिलीला मुलांनी दिलेले उत्तर असते. मुले वाया गेली म्हणून कंपू होतात, ही शिक्षकांच्या खोलीतली समजूत अभ्यासाच्या कसोटीवर फारशी टिकलेली नाही.

हे सर्वांत लख्ख दिसले ते इंग्लंडमधल्या दोन शाळांत. मँचेस्टर विद्यापीठाच्या संशोधनातून डेव्हिड हारग्रीव्ह्ज यांचे पुस्तक १९६७ साली आले आणि कॉलिन लेसी यांचे १९७० साली. हारग्रीव्ह्ज यांची शाळा सामान्य घरांतल्या मुलांची होती आणि तिथे गुणांप्रमाणे तुकड्या पाडलेल्या होत्या. वरच्या तुकडीत अभ्यास करणाऱ्या मुलाला मान होता. खालच्या तुकडीत शिक्षकाला नडणाऱ्याला मान होता आणि गृहपाठ करणारा एकटा पडत होता. लेसी यांचे निरीक्षण मला त्याहून मोलाचे वाटते. त्यांच्या शाळेत निवड परीक्षा देऊन आलेली मुले होती, म्हणजे आपापल्या प्राथमिक शाळेतली सगळी हुशार. पहिल्या वर्षानंतर त्यांची गुणांवरून विभागणी झाली आणि कालपर्यंत पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलांमधूनच शाळेला विरोध करणारा गट तयार झाला. मुले तीच होती, त्यांची रांग तेवढी बदलली होती. आपल्याकडे दहावीला नव्वदच्या पुढे गुण मिळवून नामांकित महाविद्यालयात गेलेला आणि पहिल्याच चाचणीनंतर वर्गात दिसेनासा झालेला मुलगा ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी लेसींचे पुस्तक जरूर वाचावे.

अमेरिकेत जेम्स कोलमन यांनी इलिनॉय राज्यातल्या दहा हायस्कुलांचा अभ्यास करून १९६१ साली ‘द अडोलसेंट सोसायटी’ प्रसिद्ध केले. शाळेत आपली आठवण कशी राहावी, हुशार विद्यार्थी म्हणून, खेळाडू म्हणून की सर्वांचा आवडता म्हणून, असे त्यांनी मुलांना विचारले. मुलग्यांचा कल खेळाडूकडे होता. यावर मोठ्यांनी हळहळणे सोपे होते. कोलमन यांनी कारण शोधले. खेळाडू जिंकतो तेव्हा शाळा जिंकते. अभ्यासात मात्र एक पुढे गेला की बाकीचे तेवढे मागे पडतात, म्हणून गट फार पुढे जाणाऱ्याला आवर घालतो. स्पर्धेची रचना बदला, शाळा-शाळांमध्ये बुद्धीचे सामने भरवा, मग गटाचा मान आपोआप तिकडे वळेल, असे त्यांचे म्हणणे होते.

हे म्हणणे तपासायला पुण्यासारखी जागा नाही. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयांची एकांकिका स्पर्धा घेते. पावसाळ्याच्या दिवसांत रिकाम्या वर्गांमध्ये, पार्किंगमध्ये, जिन्याखाली तालमी चालतात. संहिता विद्यार्थ्यांची, दिग्दर्शन विद्यार्थ्यांचे, आणि पहिल्या वर्षाची मुले महिनाभर नुसता सेट उचलतात, तरी कुरकुर करत नाहीत. भरत नाट्य मंदिरात ‘आव्वाज कुणाचा’ ही आरोळी उठते तेव्हा त्या सेट उचलणाऱ्याचाही आवाज त्यात असतो. वाचन, लेखन, चिकाटी, वेळेची शिस्त, वर्गात ज्यांच्यासाठी शिक्षक घसा कोरडा करतात त्या सगळ्या गोष्टी इथे गट स्वतःहून आपल्या सभासदांकडून वसूल करतो. रंगभूमीच्या इतिहासात या स्पर्धेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. समाजशास्त्राने तिच्या तालमीच्या खोलीत जाऊन बसायला हवे.

मराठी वाचकाला सर्वांत जवळचा वाटेल असा अभ्यासक म्हणजे व्हर्जिनिया विद्यापीठातले मरे मिल्नर. त्यांनी १९९४ साली भारतीय जातिव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला आणि दहा वर्षांनी तोच सिद्धान्त घेऊन ते अमेरिकन हायस्कूलच्या जेवणघरात शिरले. पोरांच्या हाती पैसा नाही, सत्ता नाही. एकमेकांना मान देणे किंवा नाकारणे एवढेच त्यांच्या हातात आहे. आणि मान ही अशी गोष्ट आहे की ती सगळ्यांना सारखी वाटली तर तिला काही किंमत उरत नाही. म्हणून कोण कुणाच्या टेबलावर जेवते आणि कोण कुणाबरोबर फिरते, यावर तिथे कडक पहारा असतो. आपल्या शब्दांत सांगायचे तर रोटीबेटी व्यवहाराचे नियम. जातीच्या अभ्यासातून हाती आलेले साधन परदेशातल्या पोरांना समजून घ्यायला उपयोगी पडले, हे आपल्या अभ्यासकांनी अभिमानाने आणि थोड्या अस्वस्थतेनेही लक्षात ठेवावे.

अस्वस्थता अशासाठी, की आपल्याकडे जात हे नुसते साधन नाही, ती वसतिगृहाच्या दारावर लिहिलेली होती. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या जातिधर्मांची वसतिगृहे उभी केली. ज्यांच्या घरात कुणीच शिकले नव्हते अशा मुलांच्या पिढ्या त्यांमुळे शहरात राहून शिकल्या. हे ऋण मोठे आहे. भाऊराव पाटील त्यांपैकी जैन बोर्डिंगात राहत होते. अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेल्यावर शुद्धीसाठी अंघोळ करायला त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंग त्यांना सोडावे लागले. त्याच भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकच वसतिगृह काढले. तिथे मुले मिळून स्वयंपाक करत आणि एका पंगतीत जेवत. एकाच प्रदेशात, पाव शतकाच्या आत, वाटणी करण्याच्या दोन रीती झाल्या आणि दोहोंतून निराळ्या मैत्र्या निघाल्या. पुढे वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहातल्या खोल्यांमधून १९७२ च्या दलित पँथरला बळ मिळाले. या खोल्यांविषयी आत्मकथनांत आणि आठवणींत अमाप सामग्री आहे. साहित्य म्हणून ती वाचली गेली, गटजीवनाचा पुरावा म्हणून ती अजून पुरेशी वाचलेली नाही.

पॉल विलिस यांचे ‘लर्निंग टु लेबर’ (१९७७) पुढे प्रत्येकाच्या वाचनात येईलच. शाळेची टर उडवणारी बारा कामगारपुत्रांची टोळी तीच टर उडवत उडवत बापाच्या कारखान्यात कशी पोचते, हे त्यात आहे. त्यावर अँजेला मॅकरॉबी यांनी घेतलेला आक्षेपही सोबत वाचावा : या साऱ्या उपसंस्कृतींत मुली कुठे आहेत? कट्ट्यावर बसून टिपणे काढणाऱ्याला त्या दिसणार नाहीत. त्या गर्ल्स कॉमन रूममध्ये असतील, लोकलच्या लेडीज डब्यात असतील, तालुक्याहून गावाकडे परतणाऱ्या शेवटच्या एसटीत असतील. बस चुकली तर शिक्षण सुटेल अशी टांगती भीती असलेल्या मुलींची मैत्री कशी असते, हा पूर्ण वेगळा आणि फार मोठा विषय आहे.

गटाचे प्रेमाने वर्णन करताना त्याची क्रूरता झाकू नये. आपल्याकडे १९९९ साली रॅगिंगविरोधी कायदा करावा लागला, तो उगाच नव्हे. चिडवण्याची नावे, कुणाला ग्रुपमधून काढले, कुणाशी बोलायचे नाही असे ठरले, हे सगळे तितक्याच काळजीने टिपले पाहिजे. त्यासाठी प्रश्नावली अपुरी पडते. मधल्या सुट्टीत, मेसमध्ये, अभ्यासिकेबाहेरच्या चहाच्या टपरीवर महिनोन्‌महिने बसावे लागते, आणि मुलांनी विश्वासाने सांगितलेले मुख्याध्यापकांच्या कानावर घालायचे नाही हे पथ्य पाळावे लागते. क्रेग जेफ्री यांनी मेरठच्या बेकार पदवीधरांवरचे ‘टाइमपास’ (२०१०) असेच टपऱ्यांवर बसून लिहिले. सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी आपली मुले तसल्याच पुस्तकाची वाट पाहत आहेत.

आज सर्वांत निकड कशाची, असे कुणी विचारले तर मी लातूरकडे बोट दाखवीन, आणि आता लातूरच्या वाटेने गेलेल्या प्रत्येक जिल्ह्याच्या गावाकडे. अकरावी-बारावीची हजारो मुले नावापुरती कनिष्ठ महाविद्यालयात आहेत. त्यांचा दिवस खाजगी क्लासमध्ये जातो. तिथे चाचणी-परीक्षा सतत चालू असतात आणि गुणांप्रमाणे बॅच बदलते. पूर्वी वर्षातून एकदा लागणारी यादी तिथे पुन्हापुन्हा लागते. ज्या गटाला घट्ट व्हायला दिवाळीपर्यंतचा अवधी लागत असे, तो बॅच बदलल्यावर टिकतो का, की मैत्री होस्टेलच्या खोलीपुरती आणि मोबाइलवरच्या ग्रुपपुरती उरते? आई-बापांपासून दूर राहणारी सतरा वर्षांची मुले त्या खोलीत एकमेकांना काय देतात आणि काय नाकारतात? यावर काम करू इच्छिणाऱ्याने जूनमध्येच तिथे जाऊन राहावे, पहिली चाचणी होण्याच्या आत.