किंमत मोजायला लावणारी जादू

कांडी फिरवावी आणि संकट टळावे, ही परीकथांची रूढ रीत. इंग्रजीतील अद्‌भुतरम्य कादंबरीच्या एका प्रवाहाने मात्र ती मोडीत काढली. या कादंबऱ्यांत जादू फुकट मिळत नाही. रक्त, आयुष्य किंवा आप्तस्वकीय यांच्या रूपाने तिची किंमत चुकवावी लागते.

या वाटेवरचा महत्त्वाचा टप्पा म्हणजे अमेरिकन लेखिका अर्सुला के. ल गुइन यांची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) ही कादंबरी. येथे वस्तूचे खरे नाव जाणणाऱ्यालाच तिच्यावर सत्ता गाजवता येते. पण मंत्राच्या अविचारी वापराने जगाचा समतोल ढळतो. गेड हा तरुण विद्यार्थी अहंकारापोटी मृतात्म्याला आवाहन करतो. त्याच्या चेहऱ्यावर कायमचे व्रण राहतात आणि त्याला वाचवताना वृद्ध महाजादूगाराला प्राण गमवावे लागतात.

ग्लेन कुक यांच्या 'द ब्लॅक कंपनी'मध्ये (१९८४) भाडोत्री सैनिकांच्या तुकडीचा वैद्य कथा सांगतो. बलाढ्य मांत्रिकांच्या संघर्षात सामान्य शिपायाने जीव कसा वाचवावा, हा तेथील प्रश्न. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ गेम ऑफ थ्रोन्स'मध्ये (१९९६) डेनेरिस मरणासन्न पतीसाठी जादूटोण्याचा आश्रय घेते. तिचे मूल जाते आणि पती जिवंत असूनही जाणिवेला कायमचा पारखा होतो.

ब्रँडन सँडरसन यांनी 'मिस्टबॉर्न'मध्ये (२००६) जादूला जणू रसायनशास्त्राचे नियम लावले. गिळलेले कथील ज्ञानेंद्रिये तीक्ष्ण करते, लोखंड धातू खेचून घेते. पोटातील धातू संपला की शक्तीही संपते. त्याच वर्षी आलेल्या जो अबरक्रॉम्बी यांच्या 'द ब्लेड इटसेल्फ'मध्ये ज्ञानी वृद्ध जादूगाराची परिचित प्रतिमाच संशयाच्या भोवऱ्यात सापडते. अशा काळोख्या कथांना पुढे 'ग्रिमडार्क' हे नाव मिळाले. 'वॉरहॅमर ४०,०००' या १९८७ मधील युद्धखेळाच्या घोषवाक्यावरून ते रूढ झाले.

या कथांच्या आकर्षणाचे मर्म केवळ रक्तपातात नाही. प्रत्येक निर्णयाची किंमत असते, हे प्रौढ वाचकाने अनुभवलेले असते. तोच नियम मंत्रालाही लागू झाला, की काल्पनिक जग त्याला खरे वाटू लागते. मात्र क्रौर्य हाच हेतू ठरला, तर हा प्रवाहही परीकथेइतकाच साचेबद्ध होण्याचा धोका आहे.